आफ्रिकेतनं दोन कंटेनर काजू बी मागवली, त्याचा सगळा हिशोब

परवा एका ओळखीच्या कारखानदाराचा फोन आला, बाहेरून काजू बी डायरेक्ट मागवायची तर काय काय लागतं रे म्हणून. तासभर बोललो तरी अर्धं राहिलंच, म्हणून म्हटलं एकदाच सगळं टाईप करून टाकू, पुढच्याने विचारलं की हेच पाठवायचं.

आमचा कुडाळ तालुक्यात छोटा काजू कारखाना आहे, चाळीसेक बायका कामाला. इकडची बी मार्च ते मे. वेंगुर्ला-४, वेंगुर्ला-७ वगैरे मोठी बी असते, गर पण झकास निघतो, पण ती पावसाआधी संपते. साठा करून ठेवायला जेवढे पैसे लागतात तेवढे आमच्यासारख्याकडे नसतात, म्हणजे जूनच्या मध्यावर बॉयलर बंद आणि बायका घरी. देशात काजू कारखान्यांना जेवढी बी लागते त्यातली निम्म्याहून जास्त बाहेरूनच येते, मुख्यतः आफ्रिकेतून, हे धंद्यातल्या सगळ्यांना माहीत आहे. पण आम्ही छोटे लोक ती मंगळूर-कोल्लमच्या मोठ्या आयातदारांकडून घेतो, म्हणजे त्यांचं कमिशन, त्यांचा दर, आणि त्यांनी निवडून उरलेला माल.

२०२२ च्या मार्चमध्ये आम्ही तिघे कारखानदार चहा पीत बसलेलो आणि एकाने विषय काढला की आपणच मागवू की, तिघांत दोन कंटेनर. वीस फुटी कंटेनरमध्ये सोळा टन बी बसते, म्हणजे ८० किलोची २०० पोती. एक कंटेनर माझा, दुसरा त्या दोघांत निम्मा निम्मा. आयईसी म्हणजे आयात-निर्यात कोड माझ्याकडेच होता (तो काढणं एकदम सोपं, ऑनलाईन, ५०० रुपये फी, यात कोणी एजंटला पैसे देऊ नका) म्हणून सगळं माझ्या नावावर करायचं ठरलं. ही पहिली चूक नव्हती पण पुढच्या सगळ्या चुका मग माझ्याच नावावर झाल्या.

आता देश कुठला? इथे थोडी माहिती. भारताने एप्रिल २००८ मध्ये दिल्लीच्या भारत-आफ्रिका शिखर परिषदेत एक योजना जाहीर केली होती, जगातल्या सगळ्यात मागास देशांचा माल, ज्यांना एलडीसी म्हणतात, त्यांच्याकडून आला तर आपली ड्युटी शून्य किंवा कमी. डीएफटीपी म्हणतात तिला. मनमोहन सिंगांनी तेव्हा भाषणात ज्या वस्तूंची नावं घेतली त्यात कापूस, कोको, तांब्याचं खनिज यांच्याबरोबर काजू पण होता. २०१४ मध्ये ही यादी अजून वाढवली. आता कच्च्या काजू बीवर साधी ड्युटी अडीच टक्के, त्यावर सरचार्ज धरून पावणेतीन. टांझानिया, मोझांबिक, गिनी-बिसाऊ, बेनिन हे एलडीसी, म्हणजे यांची बी शून्यात. आयव्हरी कोस्ट, घाना, नायजेरिया एलडीसी नाहीत, त्यांची पावणेतीन. आम्ही बेनिन निवडला कारण सीझन जुळत होता आणि एका ओळखीतून कोटोनूच्या, म्हणजे बेनिनच्या बंदराच्या शहरातल्या, एका व्यापाऱ्याचा नंबर मिळाला. या धंद्यात ॲडव्हान्स घेऊन गायब होणारे चिक्कार आहेत, नेटवर सापडलेल्या माणसाला एक डॉलरही पाठवू नका, जो माल घेऊन झालाय अशा कोणाकडूनच नंबर घ्या.

हा माणूस फ्रेंच बोलणारा, इंग्रजी तुटकं, आमचं पण तुटकंच, त्यामुळे बरोबरी होती. व्हॉट्सॲपवर व्हॉइस मेसेज यायचे, मागे कोंबडे आरवतायत. आणि गंमत म्हणजे तो आधी घरच्यांची तब्येत विचारायचा, मग पाऊस, मग मुलांच्या शाळा, आणि दहा मिनिटांनी दर. सुरुवातीला मी घाईघाईत थेट दर विचारायचो, तर उत्तरच यायचं नाही. मग लक्षात आलं की अरे हे तर आपल्या बाजारासारखंच आहे, आमच्याकडे पण बागायतदाराच्या पडवीत बसून चहा घेतल्याशिवाय बीचा विषय काढत नाहीत. तेव्हापासून गाडी रुळावर आली. ट्रान्सलेशन ॲपने मात्र वाट लावली. मी मराठीत "पोचट बी किती निघेल" विचारलं, त्याचं पलीकडे काय झालं देव जाणे, त्याने मला भेंडीच्या बियाण्याचे दर पाठवले.

सौदा ठरला टनाला १२२० डॉलर, कोचीन-मंगळूर नाही तर आमच्या सोयीच्या बंदरापर्यंत भाड्यासकट, आउटटर्न ४७ पौंड, ४५ च्या खाली गेला तर माल रिजेक्ट. हे आउटटर्न समजून घ्या कारण सगळा धंदा यावर आहे. एक किलो बी घ्यायची, सगळी कापायची, चांगला गर वेगळा, डागी वेगळा, पोचट-सडकी वेगळी. चांगल्या गराचं वजन आणि डागीचं निम्मं धरून जे ग्रॅम येतील त्याला ०.१७६४ ने गुणलं की ८० किलोच्या पोत्यामागे किती पौंड गर ते निघतं. बी ८० किलोत मोजायची, गर पौंडात, पैसे डॉलरात. ना त्यांचं माप ना आमचं.

पंधरा टक्के ॲडव्हान्स दिला एप्रिलमध्ये, डॉलर तेव्हा साडेशहात्तरला. बाकीचे पैसे कागदपत्रं बँकेत आल्यावर भरायचे, त्याला डीपी म्हणतात. म्हणजे तुम्ही पैसे भरले की बँक कागद देते, कागद असल्याशिवाय कंटेनर सुटत नाही, दोघांनाही थोडी थोडी भीती असं ते. जहाज मे महिन्याच्या मध्यावर सुटलं आणि मधल्या एका बंदरात कंटेनर उतरवून दुसऱ्या जहाजावर चढवला, तिथे तो नऊ दिवस नुसता बसून होता. मी रोज रात्री ट्रॅकिंग बघत बसायचो, बायको म्हणायची लग्नाच्या वेळी माझ्या गाडीची एवढी वाट बघितली नव्हतीस.

माल २९ जूनला लागला. कुठल्या बंदरात ते सांगत नाही कारण त्यांची चूक फारशी नव्हती, आणि जी होती ती सगळीकडेच होते.

बँकेत पैसे भरले तेव्हा डॉलर ७९. मी लगेच हिशोब केला नाही, करायची हिंमत नव्हती, तो खाली सांगतो.

कागद हातात आले. बिल ऑफ लॅडिंग म्हणजे जहाज कंपनीची मालाची पावती, इन्व्हॉइस, वजनाचा दाखला, फायटोसॅनिटरी सर्टिफिकेट म्हणजे रोपांच्या रोगकिडीचं, फ्युमिगेशनचं, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे मूळ देशाचा दाखला, सर्टिफिकेट ऑफ ओरिजिन, ज्याच्यावर ती शून्य ड्युटी मिळते. प्लँट क्वारंटाइनवाल्यांनी सॅम्पल काढून तपासलं आणि दोन दिवसांत सोडलं, तिथे काही त्रास नाही. अडकलं ते या ओरिजिनच्या दाखल्यावर.

दोन गोष्टी. एक, दाखल्यावर आमच्या फर्मच्या नावातलं शेवटचं "अँड सन्स" गायब, आणि निव्वळ वजन लिहिलेलं गोल ३२,००० किलो तर बिल ऑफ लॅडिंगवर ३१,८४०. पलीकडच्या माणसाने दाखला आधी काढून ठेवला होता, माल भरायच्या आधी, अंदाजाने. मसुदा त्याने मला व्हॉट्सॲपवर पाठवला होता बरं का, मी मोबाईलवर बोटाने मोठा करून बघितला आणि ओके ओके केलं. फ्रेंचमध्ये होता, नाव कुठे ते शोधलं, पहिला शब्द दिसला आणि पुढे वाचलंच नाही.

दुसरी गोष्ट जास्त शिकवणारी. २१ सप्टेंबर २०२० पासून कॅरोटार नावाचे नियम आले आहेत, त्यात सवलतीची ड्युटी मागणाऱ्या आयातदारालाच माहिती असावी लागते की हा माल खरंच त्या देशाचा कसा. फॉर्म वन भरून तयार ठेवायचा, कागद पाच वर्षं सांभाळायचे. आमच्या सीएचएने म्हणजे कस्टम्सचं काम बघणाऱ्याने मला फॉर्म पाठवला होता, मी त्यात "पूर्णपणे त्याच देशात पिकलेला" एवढंच लिहून पाठवला. कस्टम्सच्या साहेबांनी शांतपणे विचारलं, हा काजू बेनिनचाच आहे, नायजेरियाचा नाही, हे तुम्हाला कशावरून माहीत? मी म्हटलं दाखल्यावर लिहिलंय. ते म्हणाले ते मलाही वाचता येतं.

राग आला होता, खरं सांगतो. पण घरी येताना एसटीत बसून नकाशा उघडला तर बेनिन म्हणजे एक उभी चिंचोळी पट्टी, पूर्वेला सगळी सीमा नायजेरियाला लागलेली, आणि काजू होतो तो वरच्या बाजूला पाराकूकडे. तिकडे पलीकडच्या देशाची बी दर चांगला मिळेल तिकडे सरकते, आपल्याकडे नाही का सावंतवाडीची बी गोव्यात आणि गोव्याची इकडे. नायजेरियाच्या बीवर ड्युटी आहे, बेनिनच्या नाही, मग प्रश्न बरोबरच होता. मीच आधी विचारायला हवा होता.

कोटोनूला मेसेज टाकला. यावेळी आधी तब्येत विचारायला विसरलो पण त्याने माफ केलं. त्याने गावच्या वजनकाट्यावरच्या पावत्यांचे फोटो, कोणत्या गटाकडून किती पोती घेतली त्याची हाताने लिहिलेली वही, ट्रकच्या चिठ्ठ्या असं सगळं दोन दिवसांत पाठवलं. वहीतली नावं वाचता येत नव्हती पण रकाने ओळखीचे होते, नाव, पोती, वजन, उचल, बाकी. माझ्या आजोबांची वही अशीच होती. ते सगळं जोडून दिलं. पण दुरुस्त केलेला दाखला मूळ प्रतीत कुरियरने यायला वेळ लागणार होता आणि कंटेनरचे फुकटचे दिवस संपत आलेले. शेवटी सीएचएने सुचवलं तसं केलं, तात्पुरती असेसमेंट, म्हणजे बाँड आणि ड्युटीएवढी बँक गॅरंटी द्यायची, माल सोडवायचा, आणि दाखला आला की गॅरंटी परत. हे पर्याय पहिल्याच दिवशी माहीत असते तर एक आठवडा वाचला असता. मालाला सुटायला १२ जुलै उजाडला.

आता तो हिशोब. दोन कंटेनरची किंमत ३९ हजार डॉलर, म्हणजे ३० लाख ८० हजारांच्या आसपास. त्यावर पावणेतीन टक्के म्हणजे साधारण ८५ हजार रुपये ड्युटी वाचली. एप्रिल ते जुलै डॉलर अडीच रुपयांनी वर गेला, उरलेल्या ८५ टक्के रकमेवर ते झाले ८३ हजार. म्हणजे देशाने दिलेली सवलत डॉलरने जवळपास पैसा न् पैसा खाल्ली. वर जागाभाडं आणि कंटेनर उशिरा परत केल्याचे ४६ हजार. आयजीएसटी ५ टक्के वेगळा पण तो वजा मिळतो. ८५ हजारांची गॅरंटी पाच महिने अडकून पडली ती निराळीच.

आणि नशीब बघा, ११ जुलैला रिझर्व्ह बँकेने परिपत्रक काढलं की आता परदेशी व्यापाराचे पैसे रुपयात भागवता येतील, खास व्होस्ट्रो खाती, म्हणजे परदेशी बँकांची आपल्या बँकांतली रुपयातली खाती, उघडून. आम्ही पैसे भरून जेमतेम दहा दिवस झाले होते. मी आमच्या बँकेत विचारायला गेलो तर काउंटरवरच्या पोराने "काय उघडून?" असं विचारलं. नंतर ज्या देशांच्या बँकांना अशी खाती मंजूर झाली त्यात टांझानिया, केनिया, युगांडा होते, बेनिन नाही. तिकडे सीएफए फ्रँक चालतो, तो युरोला बांधलेला. मी रुपयातला, तो फ्रँकमधला, आम्हा दोघांच्या अंगणातही डॉलर उगवत नाही, पण पैशाचं सगळं त्याच्यातनंच जातं. पुढच्या वेळी निदान फॉरवर्ड बुक करा, म्हणजे बँकेत डॉलरचा दर आधीच बांधून घ्या, थोडा खर्च येतो पण झोप लागते.

ट्रक पोचले ते फोंडाघाटातनं, मुसळधार पावसात. ताडपत्री धरून पोती उतरवली. पोत्यांवर बघतो तर बांगलादेशचं नाव छापलेलं, म्हणजे ताग बांगलादेशचा, पोतं गेलं बेनिनला, त्यात बी भरून आलं कुडाळला. दोन-तीन पोती वरच्या थरातली भिजलेली निघाली, समुद्रात कंटेनरच्या छताला आतून घाम सुटतो आणि तेच पाणी टपकतं, आणि जुलैमध्ये कोकणात वाळवायला ऊन कुठून आणणार? बोर्म्यात, म्हणजे गर वाळवायच्या भट्टीत, घालून वाळवली. सॅम्पलला आमची जुनी कामगार मावशी बसली, राखेत हात घोळवून एकेक बी कापत. किलोत १९८ बिया, २६२ ग्रॅम गर, आउटटर्न ४६.२. करार ४७ चा. रिजेक्ट नाही पण फरकाचे साधारण ६६० डॉलर त्याच्याकडे निघत होते. त्याने हिशोब मान्य केला, पैसे मात्र पाठवले ४०० आणि बाकीचे "पुढच्या मालात". मावशीचं मत, बी बारीक आहे पण गर गोड आहे, आणि टरफलाला तेल जास्त, हात भाजतो. गोडाबद्दल मी सहमत नाही, आपल्या वेंगुर्ल्याची सर नाही.

गोदामात पडेपर्यंत किलोला १०२ रुपये पडले. दिवसाला चारेकशे किलो, चाळीसेक दिवस काम, गणपतीच्या आदल्या दिवसापर्यंत जेमतेम पुरली. सणाच्या तोंडावर बायकांना पगार मिळाला, पहिल्यांदाच पावसात. नफा म्हणाल तर माझ्या कंटेनरवर एक चांगला मोबाईल येईल एवढा.

पण खरी बोलणी खाल्ली ती काकांकडून. त्यांची तीन एकर काजूची बाग आहे. ट्रक उतरत होता तेव्हा छत्री घेऊन आले, पोत्यातली मूठभर बी हातात घेतली, परत टाकली. म्हणाले, "तू आफ्रिकेची बी हाडतलस, मगे माझी बी कोण घेतलो?" मी म्हटलं, काका तुमची मे महिन्यातच संपली, मी जुलैत कारखाना चालवायला आणतोय. तर म्हणाले, "यंदा संपली. पुढल्या वर्षाचो दर तुमीच पाडतलात." याला माझ्याकडे तेव्हा उत्तर नव्हतं आणि आजही पूर्ण नाही. स्वस्त बी बंदरात पडून आहे म्हटल्यावर इकडचा दर दबतोच. स्थानिक बीला जादा दर द्यायचा आणि आफ्रिकेची फक्त पावसाळ्यासाठी वापरायची असं आम्ही तिघांनी ठरवलंय, पाळतो पण, पण सगळेच पाळतील असं नाही.

२०२३ ला परत मागवली, त्या वेळी दाखला मी प्रिंट काढून, लाल पेन घेऊन, ओळ ओळ तपासला. फॉर्म वनबरोबर वहीचे फोटो आधीच जोडले. चार दिवसांत माल बाहेर.

आणि मग बेनिन सरकारने १ एप्रिल २०२४ पासून कच्ची बी देशाबाहेर न्यायलाच बंदी केली. आमची बी आम्हीच फोडणार, गर विकणार. कोटोनूजवळ ग्लो-जिग्बेला मोठं औद्योगिक क्षेत्र उभं केलंय, तिथे काजूचे कारखाने. आमच्या ग्रुपवर लोकांनी शिव्या घातल्या. मी काकांना सांगितलं तर ते एकदम खूश, "बरां केल्यानी. शाणे आसत ते." आणि खरं म्हणजे त्यात चूक काय? आपणही काजूगरावर २०१९ च्या बजेटमध्ये ड्युटी ४५ वरून ७० टक्के केलीच ना, आपले कारखाने वाचावेत म्हणून. कच्ची बी तुमची शून्यात घेतो पण फोडलेली आणलीत तर बघा, असंच ते झालं. तांदळाचं पण तेच. बेनिन आपला तांदूळ घेणारं मोठं गिऱ्हाईक, आणि ऑगस्ट २०२३ मध्ये आपण उकड्या तांदळाच्या निर्यातीवर २० टक्के कर लावला, वर्षभराने काढला. त्या काळात त्या माणसाने मला मेसेजमध्ये दर विचारायच्या आधी तब्येतीनंतर तांदळाचं विचारलं होतं, भाव का वाढला म्हणून, जसा काही मीच वाढवला.

सध्या मी नोव्हेंबरात टांझानियाची बी घेतो, तिकडे सरकारी लिलाव असतो, ते वेगळंच प्रकरण आहे, परत कधीतरी लिहीन. कोटोनूवाल्याकडून माझे २६० डॉलर अजून येणं आहे. पण बोलणं चालू आहे. गेल्या महिन्यात त्याचा मेसेज आला, तब्येत, पाऊस, शाळा, आणि मग, त्याच्या मेहुण्याने कारखाना टाकलाय, कटिंग मशीन आपल्याकडचीच आहेत, पण लावून देणारा आणि पोरांना शिकवणारा माणूस मिळेल का सहा महिन्यांसाठी. आमचा मेकॅनिक पोरगा तयार झालाय, पासपोर्टला टाकलंय, पगार मी बोलून दिला, अर्धा आधी.

त्याची आई काल कारखान्यावर आली होती. थंय लोक कशे, उष्मो किती, हे सगळं विचारून झालं आणि शेवटी हळूच म्हणाली, "थंय उकडो तांदूळ गावता काय ओ?"

म्हटलं गावतो, आपलोच असता.